सोमवारचा रिपोर्ट

रिपोर्ट मंगळवारी सापडला, देवव्रतच्या कपाटात, शर्टांच्या खाली. त्याच्या आईला, गोदावरीबाईंना, इंग्रजी येत नसे. पण सुनेचं नाव आणि ‘पॉझिटिव्ह’ एवढं लागलं. बाकीचं समोरच्या मेडिकलवाल्याने हलक्या आवाजात सांगितलं. गुप्तरोगाची तपासणी होती. त्याचा हलका आवाज गंगाघाटापर्यंत जाई.

तीन वर्षांत अपूर्वाला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. सासरे रामकुंडावर परगावच्या यजमानांचे दोष काढून देत. घरचा दोष त्यांना सापडला नव्हता. तो प्रयोगशाळेला सापडला.

देवव्रत ऑफिसातून आला तेव्हा अपूर्वाची बॅग भरून दारात ठेवलेली होती. घोटीची, तिच्या माहेरची, बस साडेसहाची. अपूर्वा भिंतीला टेकून उभी होती. दोनदा तिने देवाची शपथ घेतली होती. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

देवव्रतने बॅगेकडे पाहिलं, मग मान ताठ केली.

“बॅग आत ठेव, आई. तिला ते माझ्याकडून लागलंय. मालेगावला बदली होती तेव्हाचं.”

गोदावरीबाईंच्या लेखी सुनेचं ते शेण खाणं होतं. मुलाचं म्हटल्यावर वयाचा दोष ठरला. अर्ध्या तासात बॅग आत गेली आणि चहाही झाला. अपूर्वाने मात्र नवऱ्याशी बोलणं टाकलं.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. मुंबईहून पुढच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले होते. अपूर्वाला गुप्तरोग नव्हताच. रोगांशी लढायची शरीरातली फौज तिच्याच अंगावर उलटली होती. रक्तात गुठळ्या होत आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटे. त्याच फौजेमुळे ती पहिली तपासणीही फसली होती. पुढच्या वेळी पोटावर रोज इंजेक्शनं घ्यायची. बाळ टिकायची आशा चांगली होती.

अपूर्वाने आठवड्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. “मग ह्यांचं मालेगाव?”

बाईंना मालेगाव कळेना. त्यांनी फाइल चाळली. “ह्यांचा रिपोर्ट स्वच्छ आहे. गेल्या आठवड्यात सोमवारीच दोन्ही घेऊन गेलेत की.”

सोमवारी. बॅग भरली मंगळवारी.

अपूर्वाचे डोळे भरून आले. सगळं माहीत असून या माणसाने तिच्यासाठी आईवडिलांसमोर स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं होतं. तिने त्याचा हात धरला. थोड्या वेळाने सोडला.

“म्हणजे मीच तशी, असं तुम्ही धरून चालला होतात.”

देवव्रतची मान खाली गेली. मालेगाव सांगताना ती ताठ होती.