बघून सांगतो

बाबा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे, त्यामुळे बोटं कायम तेलकट. आमचा ज्यूंचा धर्मग्रंथ, तोरा, उघडायच्या आधी मात्र साबणाने दोनदा हात धुवायचे आणि माझेही हात हुंगून बघायचे.

नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं, "देवाने सांगितलं म्हणून अब्राहाम मुलाला बळी द्यायला डोंगरावर घेऊन निघाला, तेव्हा त्या मुलाच्या आईला कुणी विचारलं का?"

बाबांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "बघून सांगतो."

सायकल मागितली तेव्हाही हेच म्हणाले होते. त्या 'बघून सांगतो'वरून मी त्यांना जन्मभर चिडवलं.

बाबांच्या मागे त्यांची तोराही पार जीर्ण झाली. आमच्यात असा ग्रंथ रद्दीत देत नाहीत, माणसासारखा पुरतात. दफनभूमीतल्या राखणदारकाकांनी खड्ड्यात ठेवण्याआधी तो एकदा चाळला.

"सगळी पानं कशी स्वच्छ आहेत गं. हे एकच बघ, तेलाच्या बोटांनी काळं झालंय."

मी वाकून बघितलं. त्या पानावर अब्राहाम मुलाला घेऊन डोंगराकडे निघाला होता, आणि बाबा हातातलं काम टाकून, हात धुवायलाही न थांबता त्याच्यामागे धावले होते. किती वेळा, कुणास ठाऊक.