फळीतला खळगा

दुपारी मुलं झोपली तशी मावशींनी भाजी चिरायची फळी धुतली आणि ओट्यावर आडवी ठेवली. एरवी त्या ती भिंतीला टेकवून उभी करत. पण सकाळी मारलेल्या विनोदावर त्यांचं मनातल्या मनात अजून हसणं चाललं होतं, त्या नादात राहून गेलं. भांडी आवरून वळल्या, तर फळीच्या मधोमध पाणी साचलेलं. बशीत राहावं तसं.

विनोद तसा चांगलाच जमला होता. पाळणाघरात नुकतंच यायला लागलेल्या एका बाळाची आई पिशवीतून काचेची वाटी घेऊन आली होती. बाळाचं जेवण प्लास्टिकच्या वाटीत गरम करू नका, त्यातून म्हणे बारीक कण सुटतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसतही नाहीत, असं तिनं मावशींच्या कानाशी येऊन सांगितलं. कानाशी आलेल्या गोष्टीला मावशींनी उत्तर मात्र दारात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं.

"डोळ्यांना दिसत नाही ते तुला बरं दिसलं!"

सगळे हसले. जुळ्यांना सोडायला आलेल्या आजोबांनी तर आपल्या टकलावरून हात फिरवला आणि प्लास्टिकचा खुळखुळा चघळत मोठा झालो, बघा, केसालाही धक्का लागला नाही, म्हणून सांगितलं. मग काय, हसण्याला ऊतच आला. ती पोर कानापर्यंत लाल झाली. वाटी पिशवीत टाकून, बाळाचा पापा न घेताच कामावर निघून गेली.

ओटाच तिरका असेल, म्हणून मावशींनी फळी सरकवून पाहिली. पाणी जिथल्या तिथं. त्यांनी ते ओतून टाकलं, फळीवर लाटणं आडवं ठेवलं, तर लाटण्याखालून बोट आरपार गेलं.

पाळणाघर सुरू केलं तेव्हाची ही फळी. जाडजूड, पांढरीशुभ्र. लाकूड घाण धरून ठेवतं, म्हणून मुद्दाम प्लास्टिकची आणलेली. नव्या आईबापांना स्वयंपाकघर दाखवताना मावशी ती हातात घेऊन दाखवायच्या, बघा, घासली की नवी. गाजर, भोपळा, सफरचंद, सगळं हिच्यावरच. आणि चिरणंही असं की बघत राहावं. दात नसलेल्या बाळांना घास लागू नये म्हणून त्यांच्याइतकं बारीक कुणी चिरत नसेल. जितकं लहान बाळ तितकं बारीक, आणि जितकं बारीक तितके सुरीचे घाव.

त्यांनी खळग्यावरून तळवा फिरवला. मांजराच्या जिभेसारखा खरखरीत लागला. इथं कधीतरी काहीतरी होतं आणि आता ते नव्हतं. सगळंच काही मोरीतून वाहून गेलेलं नसणार.

आतल्या खोलीत कुणीतरी झोपेत चुकचुक आवाज करत होतं. पोटात गेल्यानं काय होतं, काही होतं की नाही, हे मावशींना ठाऊक नव्हतं. ते नीटसं कुणालाच ठाऊक नसावं. पण लाज वाटायला तेवढी खात्री लागत नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. फळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात सालींच्या खाली दाबली. पाळणाघर नावावर चालतं. एकीनं दुसरीला सांगितलं की दारातल्या चिमुकल्या चपला बघता बघता नाहीशा व्हायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत त्यांनी हात धुतले. पुन्हा धुतले.

संध्याकाळी सगळे एकदमच आले. आजोबा जुळ्यांचे बूट शोधत होते. काचेच्या वाटीवाली आई गर्दीतून पुढे आली, बाळाला कडेवर घेतलं आणि तिथंच थांबली. दिवसभर मनाशी घोकलेलं असावं.

"मावशी, सकाळी माझं चुकलं. तुम्ही आमच्या मुलांसाठी एवढ्या झिजता, आणि मी तुम्हाला शिकवायला आले."

आता कसं शहाण्यासारखं बोललीस, असं आजोबा म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मावशींनी फक्त 'असू दे गं' म्हणायचं होतं. शब्द ओठावर आलेही होते. आणि तेवढ्यात त्या पोरीनं खाली घातलेली मान त्यांना दिसली.

त्या आत गेल्या. कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. ओल्या कागदासकट फळी बाहेर आणली, कागद फाडून काढला आणि ती तिच्या हातात ठेवली. एका कोपऱ्याला गाजराचं साल चिकटलेलं तसंच होतं.

"मी कुठली झिजते," मावशी म्हणाल्या, "झिजली ती ही. सगळ्यांचं हिच्यावरच चिरत होते."

तिला आधी काही कळलं नाही. तिचं बोट आपसूक खळग्यात उतरलं, फिरलं, आणि थांबलं. तिनं वर पाहिलं. आजोबा हातातला बूट हातातच धरून वाकलेले राहिले. जे झिजलं ते गेलं कुठं, असं कुणी विचारलं नाही.

बाळानं नेहमीसारखी मावशींकडे झेप घेतली आणि तोंडभर हसलं. मावशींनी ओल्या बोटांनी त्याचं तोंड पुसलं. तोंड स्वच्छच होतं. त्यांनी ते पुन्हा पुसलं.