डावी बाहुली

क्रेनवाल्यानं तक्ता घडाघडा वाचला. आधी उजव्या डोळ्यानं, मग उजवा झाकून डाव्यानं. डाव्याला चार महिन्यांपासून काहीच दिसत नव्हतं. तक्ता तोंडपाठ होता.

कंपनीच्या डॉक्टरबाईंनी दिवा बंद केला आणि छोटा टॉर्च काढला. टॉर्चची तयारीही घरी झाली होती. आरशासमोर चेहऱ्यावर उजेड पाडला की डावी बाहुली शहाण्यासारखी बारीक व्हायची. ते बघायला उजवा डोळा उघडा लागतो आणि तोही त्याच उजेडात असतो, हे गड्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"समोर भिंतीकडे बघा."

उजेड उजव्या डोळ्यावर आला. दोन्ही बाहुल्या आक्रसल्या. तिथून झटकन डाव्यावर गेला. दोन्ही पसरल्या, अंधारात पसरतात तशा. बाईंनी पुन्हा करून पाहिलं. तेच.

"डाव्यानं दिसत नाही तुम्हाला."

"तक्ता वाचला की, मॅडम."

"वाचलात. पण एका डोळ्यानं उजेडाची खबर दिली, तरी मेंदू दोन्ही बाहुल्यांना हुकूम सोडतो. तुमची डावी बाहुली उजव्याच्या खबरीवर चालतेय. डाव्याची नस खबर पोचवतच नाही."

त्यानं टेबलावरचा फिटनेसचा कागद बाईंकडे सरकवला.

"बावीस वर्षं क्रेन चालवतोय. कुणाला ओरखडा नाही. सही करा मॅडम, घर चालतं त्यावर."

बाईंनी दिवा लावला. पेन उचललं, पण कागदाला टेकवलं नाही.

"हुकाखाली कोण असतं?"

त्यानं दाराकडे पाहिलं. "धाकटा भाऊ."

दिवा लागलेला बघून बाहेर थांबलेला धाकटा आत आलाच. रोज शिफ्टला द्यायचा तसं त्यानं हसत दादाचं हेल्मेट पुढं केलं, आज मात्र डावीकडून. दादा बाईंच्या पेनाकडे बघत राहिला. हेल्मेट त्याच्या गालापासून वीतभर लांब होतं.

धाकट्याचं हसू विरलं. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली.

"दादा."

क्रेनवाला दचकला. सगळी मान वळवून त्यानं हात पुढे केला. "आण इकडे. झालंच आहे."

धाकट्यानं हेल्मेट दिलं नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो तसाच उभा राहिला.