माहेरची गाडी

पाय धुवायला ठेवलेल्या पाण्याकडे मैनाबाईनं बघितलंसुद्धा नाही. गाडीतून उतरली ती तशीच धुळीच्या पायांनी विहिणीच्या ओसरीत जाऊन उभी राहिली आणि विचारलं, कौशल्या कुठं आहे? विहीण माणिकबाई हळूच म्हणाल्या, वावरात गेली.

वावरात! पहिलं बाळंतपण, आठवा महिना, आणि पोर वावरात. पहिलटकरणीला सातवा सरायच्या आत माहेरी धाडायचं, हे काय कुणाला शिकवावं लागतं? दर्यापुराहून मैनाबाईनं दोनदा निरोप पाठवला होता. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, वेचणी उरकू द्या. शेवटी गाडीत गोधड्या अंथरून ती स्वतःच निघाली आणि अंजनगावापुढं, डोंगराच्या अगदी कुशीतल्या या गावात येऊन थडकली.

सात समुद्रांपलीकडं कुणाची तरी लढाई लागली, साहेबाच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि चढलेल्या भावापायी इकडं वऱ्हाडातली माणसं चळली. तिच्या जावयानं, खुशालरावानं, तर डोंगराला लागलेलं रान जाळून तिथंही कापूस पेरला होता.

मैनाबाई तडक तिथं गेली. वावर संपलं की लगेच झाडी सुरू होत होती. त्याच कोपऱ्यातून गेल्या आठवड्यात वाघानं वासरू ओढून नेलं होतं, असं वाटेत एका गुराख्यानं सांगितलं. आणि कौशल्या तिथंच वेचत होती. पोटावर ओटी बांधलेली, ओटीत कापूस. लांबून पोट कुठलं नि कापूस कुठला, कळायला मार्ग नव्हता. मैनाबाईनं आपल्या हातानं ती ओटी सोडली, कापसासकट धुऱ्याच्या बांधावर भिरकावली आणि लेकीचा हात धरून तिला गावातून चालवत घरी आणलं.

मग तिनं कुणाची भीडभाड ठेवली नाही. सारी गल्ली गोळा झाली. बैलांच्या शिंगांना चांदी चढवता आणि बायकोला वाघाच्या तोंडी देता, लाज कशी वाटत नाही, असं तिनं जावयाला तोंडावर विचारलं. खुशालराव मान खाली घालून उभा राहिला. मग ती विहिणीकडं वळली.

"ईनबाई, तुमाले कापूस दिसते, माह्या पोरीचं पोट नाई दिसत. सून हाये का वेठीची बाई?"

माणिकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आत जाऊन सुनेची लुगडी बांधली, तिला कुंकू लावलं, चुकलंच आमचं, न्या तिला, म्हणाल्या. खुशालरावानं स्वतः बैल जुंपले. बघणाऱ्या बायाही मैनाबाईच्याच बाजूच्या झाल्या होत्या. आई असावी तर अशी, कुणीतरी बोललीसुद्धा.

कौशल्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. एक पाय गाडीत टाकता टाकता ती घरचं एकेक विचारू लागली. बाप कसा आहे, कपिला व्याली का. आणि वच्छलावैनी? वच्छला म्हणजे तिच्या भावाची बायको. तिचीही पहिलीच खेप, तिलाही आठवाच. वैनी कधी गेली माहेरी, कौशल्यानं विचारलं.

मैनाबाई गोधडी सारखी करत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "तिले आत्ता कशी धाडू? मंग आपला कापूस कोन वेचन?"

गोधडीवरचा मैनाबाईचा हात तिथंच थांबला.

कौशल्यानं गाडीतला पाय खाली घेतला.

"गाडी घेऊन जाय, माय. पयले वैनीले तिच्या माहेरी पोचव. मंग मले न्यायले ये."