तरंगलेले दाणे

सोजरबाईंनी उत्खननातली माती सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या टिपाडात ओतली, ढवळली आणि वर तरंगलेला काळा कचरा कडुलिंबाखाली भिरकावला. उभ्या जन्मात धान्य धुताना त्यांनी हेच केलं होतं. वर येतं ते पोचट.

"बाई, तेच तर हवं होतं!" उत्खननाच्या मॅडम धावत आल्या. "तीन हजार वर्षांपूर्वी जळून कोळसा झालेले दाणे तरंगतात."

सोजरबाई चरकल्या. दोघींनी उकिडवं बसून तो कचरा चिवडला. अखेर एक काळा दाणा सोजरबाईंच्या तळहातावर आला. त्यांनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"हा तर खपली गहू!"

"कशावरून? मला भिंगातूनही खात्री देता येत नाही."

"लगीन झाल्यापास्नं उखळात कांडतीया. डोळं झाकून वळखीन ह्याचं कुबड."

घरी खिरीसाठी खपली धुताना पोचट दाणे वर आले. ते फेकता फेकता सोजरबाई थांबल्या. मग त्यांनी तळातले टपोरे दाणे मूठभर घेतले, चुलीत काळे केले आणि परसात खोल पुरले.

सून बघतच राहिली. "हे कुणासाठी, आत्याबाई?"

"पुढं कुणीतरी माती ढवळत बसंल, तिच्यासाठी."