आईला हवं होतं ते

आई जाऊन पाच महिने झाले आणि सरकारने तिला पैसे पाठवले. बाजार मंदावला होता, लोकांनी जरा हात सैल सोडावा म्हणून सगळ्यांनाच पाठवले, त्यात तिलाही. मुलगा ते परत करायला कचेरीत गेला, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "परत घ्यायची सोय नाही हो. आम्हाला फक्त वाटायला सांगितलंय." शिवाय आजच्या दिवसात खर्च झाले नाहीत तर ते आपोआप विरणार होते. विरून जाणार कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग घरात ठरलं, पैसे आईचे, तर आईला हवं होतं तेच घ्यायचं. दुपारी सगळं घर कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात हजर झालं.

आत थंडगार होतं, आणि सगळं निळसर. भिंतभर लावलेल्या टीव्हींवर एकच मासा पोहत होता. या टीव्हीतून त्या टीव्हीत जात नव्हता. सगळीकडे एकदमच होता, आणि कुठेच पोचायची त्याला घाई नव्हती.

"आईंना मिक्सर हवा होता," बायको म्हणाली.

"असं म्हणाली होती ती?"

"म्हणायला कशाला हवं? आपला जुना सुरू केला की कानांवर हात ठेवायच्या. अजून काय बोलायचं माणसानं?"

धाकटी बहीण तोवर एका सोफ्यावर पाय पसरून बसली होती. "दादा, आईला हाच रंग हवा होता. आणि तो माझ्या हॉलमध्ये हवा होता. ती माझ्याकडे आली की बसणार कुठे?"

"आता कुठे येणारे ती?"

"म्हणून काय सोफाच नको?"

"आजीला हेडफोन हवे होते," मुलगी म्हणाली. "गेमिंगचे." तिनं हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की क्षणभर सगळ्यांना पटलं.

आई मागाहून इतकी हौशी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. हयातीत तिनं एक साधी उशी मागितली नव्हती. त्याला स्वतःला तर काहीच आठवेना, आणि तेच सकाळपासून टोचत होतं. रोज कामावर निघताना एक बूट चढवून तो विचारायचा, "आई, काही आणू का गं?" ती म्हणायची, "मला काय लागतंय?" तोवर दुसरा बूट चढलेला असायचा. दोन बुटांच्या मधे जेवढं विचारता येतं, तेवढंच त्यानं तिला विचारलं होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसंही आतून "आम्ही ठीक आहोत" असंच ओरडतात. त्यांच्यावर विश्वास न ठेवता दार उघडायचं, ही त्याच्या कामातली पहिली शिकवण. आईच्या शब्दावर मात्र त्यानं डोळे झाकून विश्वास ठेवला. आज दुकान बंद झालं की तिच्यासाठी काही घेऊन जायची शेवटची वेळही संपणार होती.

बायको मिक्सरचं झाकण उघडून आत बघत होती. तो कोपऱ्यातल्या एका काळ्या, भल्यामोठ्या खुर्चीत जाऊन टेकला. खुर्ची गुरगुरली. आतून दोन मुठी पाठ चेपत हळूहळू वर चढू लागल्या, पाठीच्या निम्म्यापर्यंत आल्या, तिथंच जरा घुटमळल्या आणि खाली उतरल्या. पुन्हा चढल्या. पुन्हा तिथूनच परत.

"बिघडलीय ही," तो दुकानातल्या मुलीला म्हणाला. "वरच्या मजल्यापर्यंत येतच नाहीये."

"बिघडली नाही काका, उंची कमी ठेवलीय. एक आजी यायच्या, त्यांच्या मापाची. नंतर कुणी बदललीच नाही. थांबा, वाढवून देते."

"कोण आजी?"

"नाव नाही माहीत. दुपारी यायच्या. चपला तिकडे दारात काढायच्या, आम्ही नको म्हटलं तरी. चष्मा काढून माझ्या हातात द्यायच्या, दांडीला काळी चिकटपट्टी लावलेला. वायरला लावतात ना, तसली."

ती चिकटपट्टी त्यानंच लावली होती. नवी दांडी आणेपर्यंत, म्हणून.

"बसल्या की पहिल्यांदा हसायच्या. गुदगुल्या व्हायच्या बहुतेक. मग डोळे मिटून घ्यायच्या, आणि मला म्हणायच्या, पोरी, ही मला कुठंतरी घेऊन चाललीय, पोचले की उठव."

मुठी निम्म्या पाठीपर्यंत येत होत्या आणि परत जात होत्या. बहीण सोफ्यावरून उठून जवळ आली. त्याच्या लेकीनं बायकोला हात धरून मिक्सरपासून ओढून आणलं.

"घ्या की आजी, म्हटलं मी कितीदा. हप्त्यानं मिळते. तर म्हणायच्या, मुलाला विचारून सांगते." दुकानातली मुलगी खुर्चीमागे वाकून बटण शोधू लागली. "मग यायच्याच बंद झाल्या. वाढवू ना उंची?"

"नको. तशीच राहू दे."

"अहो, पैसे पुरणार नाहीत," बायको म्हणाली, पण अगदी हळू.

"वरचे मी घालतो." मग तो त्या मुलीला म्हणाला, "माझी आई ती."

"अय्या!" मुलगी सरळ उभी राहिली. "मग विचारलं का त्यांनी तुम्हाला?"

त्यानं डोळे मिटले होते.

"विचारलं."

"आणि?"

"मी लगेच हो म्हटलं."

"बघा!" मुलगी खूश होऊन म्हणाली. "मी त्यांना सारखं सांगायचे, अहो, एकदा विचारून तर बघा."