आत्याच्या आधी

माझ्या नवऱ्यानं, अंकुरनं, पुण्याहून पाळण्यावर लावायला कॅमेरा पाठवला होता. त्यातून तो लेकीला पाहायचा, तिच्याशी बोलायचाही. पण मी खोलीत फिरले की कॅमेऱ्याची मान माझ्यामागं वळायची. म्हणून काल मी वायर काढून तो कपाटात ठेवला.

"कायले भेतं वं वहिनी? थो फक्त पाह्यते," नणंद सलोनी हसली.

"पाह्यते, तं आयकत नसन काहून?"

लेकीचं नाव मी ठरवलं होतं. बारशाआधी ते फोडायचं नसतं, म्हणून तिला पाजताना मी ते फक्त मनात म्हणायचे. आज सकाळी आत्या म्हणून सलोनीला सांगितलं, तेही तिच्या तळहातावर बोटानं लिहून.

बापाच्या रजेसाठी बारसं अडीच महिने लांबलं होतं. भर दुपारी आर्णीतल्या बायका जमल्या. अंकुर माझ्या शेजारीच उभा होता. सलोनी पाळण्यावर वाकली, लेकीच्या कानात "कुर्र" केलं. बायकांनी तिच्या पाठीत हसतहसत धपाटे घातले.

ती नाव घेणार, तेवढ्यात बंद कपाटातून तेच नाव आलं. आवाज बाईचा होता, फार मायेचा.

बायका पाळण्यापासून मागं सरल्या. लेक मात्र कपाटाकडं वळली आणि रोजच्या ओळखीचं हसली.